विहिरीत २२ फुटांवर अर्ध्या भागात पाषाण, अर्ध्यात मुरूम. हा खडक धरायचा की गोटा?

पांझराकाठ

राम राम मंडळी. साक्री तालुक्यातल्या विहिरीचं काम आहे. वरून खाली असं निघालं: ३ फूट काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरे खडे. मग १२-१३ फुटांपर्यंत पिवळट मुरूम. त्याखाली गोल दगड, कांद्यासारखी सालं निघतात आणि आत काळा टणक गोटा. २२ फुटांवर अर्ध्या खड्ड्यात काळा पाषाण लागलाय, उरलेल्या अर्ध्यात अजून मुरूमच आहे. क्रेनवाले म्हणतात, आता सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही.

१) हा खरा खडक का?
२) रावेर-यावलकडे शंभर-दीडशे फूट गेलं तरी दगड लागत नाही, मग इथे एवढ्यात कसा?
३) याच शेतात घर बांधायचंय. १९३८ साली सातपुड्यात भूकंप झाला होता म्हणतात. उनपदेवचं पाणी गरम आहे म्हणजे खाली लाव्हा असणारच. मग पाया दगडावर टेकवला की झालं का?

मुरूम_मोजणी

सुरुंग आठवडाभर थांबवा. जे वर्णन केलंय ते अगदी पुस्तकी आहे, पण नेमकं इथेच फसायला होतं.

बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. भेगांतून पाणी उतरतं. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, म्हणजे ते सौम्य आम्लच. त्याने दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि लोहाचा गंज. पिवळा-तांबडा रंग त्या गंजाचा. भेगांनी कापलेल्या चौकोनी ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगाने काम करतं, कडेवर दोन अंगांनी, कोपऱ्यावर तीन. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि आतला दगड गोल उरतो. तोच तुमचा गोटा. तो नदीने वाहून आणलेला नाही, जिथल्या तिथे तयार झालाय.

आता ओळखायचं कसं. हातोडीच्या आवाजावर जाऊ नका. ताजा गोटाही खडकासारखाच खणखणीत वाजतो. आवाजाने दगड कुजलाय की नाही एवढं कळतं, तो खाली किती गेलाय हे कळत नाही. त्यापेक्षा पाषाण आणि मुरूम जिथे भेटतात ती कड पहारीने दोन-अडीच फूट खाली मोकळी करा, पाणी मारून धुवा. कड खाली जाताना आत वळत असेल आणि तिच्या अंगाला कुजक्या सालींचे थर चिकटलेले असतील, तर गोटा. कड सरळ उभी खाली उतरत असेल तर वेगळी गोष्ट.

मग जॅकहॅमरने तीन ठिकाणी भोकं घ्या, एकमेकांपासून ४-५ फुटांवर. भुकटीकडे लक्ष ठेवा. राखाडी भुकटी येत राहिली आणि सळई एकसारख्या गतीने उतरत राहिली तर खडक. मध्येच भुकटी पिवळी-तपकिरी झाली आणि सळई दणकन खाली गेली तर गोटा संपला. एकाच भोकावर निकाल लावू नका आणि ४ फुटांवर थांबू नका, कारण ६ फुटांचे गोटेही असतात.

गोटा असताना सुरुंग लावला तर स्फोटाचा वायू शेजारच्या मऊ मुरमात निसटतो. दगड फुटत नाही, उलट मुरमाची भिंत ढासळते. आणि सुरुंग परवानाधारकाकडूनच, हे सांगायला नको.

डाइकवाला

वरचं सगळं बरोबर, पण "कड सरळ उभी" निघाली तर काय, ते राहिलं. साक्री-नंदुरबार पट्ट्यात ती शक्यता मोठी आहे.

तुमच्या भागात लाव्हा ज्या भेगांतून वर चढला त्या भेगांतच तो थिजलाय. त्या उभ्या भिंतींना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारात अशा शेकडो आहेत, बहुतेक ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. काही तर कित्येक किलोमीटर लांब, माळावर काळ्या दगडांची सरळ रांग दिसते तीच. तेव्हा होकायंत्र लावा. कड पूर्व-पश्चिम आहे का? त्याच रेषेत बांधापलीकडे दगडांची रांग दिसते का? दुसरी खूण जास्त पक्की: लाव्हाच्या आडव्या थरात भेगांचे खांब उभे असतात, डाइकमध्ये ते आडवे पडलेले, लाकडाची मोळी रचल्यासारखे. कडेजवळचा दगड मधल्यापेक्षा बारीक कणांचा असतो, कारण तो आधी थंड झाला.

डाइक असेल तर खोदाई महाग पडेल, पण तो जमिनीखालचा बंधाराही ठरू शकतो. चढाकडच्या अंगाला पाणी अडतं. मग विहीर चढाकडे सरकवावी, किंवा आहे तिथूनच त्या दिशेने आडवे बोर घ्यावेत. मात्र डाइक स्वतःच भेगाळलेला असला तर तो पाणी अडवण्याऐवजी वाहून नेतो. म्हणून उन्हाळ्यात दोन्ही अंगांच्या जुन्या विहिरींची पातळी आधी मोजा.

रावेर-यावलचं उत्तर: तिथेही खाली हाच काळा दगड आहे, फक्त तापीचं खोरं खचलेलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठे प्रस्तरभंग आहेत, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगा. त्यांच्या दक्षिणेची जमीन खाली बसत गेली आणि तो खड्डा गाळाने भरला. डोंगराला लागून गोटे-वाळूचा पट्टा, तिथे पाणी भराभर मुरतं. नदीकडे बारीक गाळ आणि चिकणमाती. केळीचं पाणी त्या गाळातलं. पुनर्भरण करायचं तर ते पायथ्याच्या गोट्यांत. नदीकडच्या चिकणमातीत शोषखड्डा केला तर तो वर्षभरात तुंबतो.

थरथर

तिसऱ्या प्रश्नात दोन गैरसमज एकत्र आलेत.

उनपदेवखाली लाव्हा नाही. भेगांतून पाणी खोल जातं आणि गरम होऊन वर येतं. दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, तेवढं त्याला पुरतं. मुळात पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र नाहीच. आपल्याखाली ३५-४० किमी कवच, त्याखाली २,९०० किमीपर्यंत प्रावरण, आणि तेही घनच, फक्त अतिशय संथपणे सरकणारं. द्रव आहे तो बाह्य गाभा, सुमारे ५,१५० किमीपर्यंत. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि तिथेच अडतात, म्हणून हे कळलं. तुमचा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण म्हणजे या सगळ्यावरचा पातळ पापुद्रा.

१४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप ६.३ च्या आसपासचा. किल्लारीचा (३० सप्टेंबर १९९३) जवळपास तेवढाच. पण सातपुड्याचा खूप खोल, सुमारे ४० किमीवर, कवचाच्या तळाशी. किल्लारीचा उथळ, त्यामुळे धक्का थेट वर आला. त्यातून तिथली घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, छतावर मातीचा थर. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं त्याच जातीची आहेत. दरवर्षी धाब्यावर नवी माती चढवताना जुनी कुणी काढत नाही, हे मात्र खरोखर घातक.

पाया दगडावर टेकला तर धक्का कमी जाणवतो, हे खरं. मऊ गाळ हादरे वाढवतो: २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या. पण अर्धा पाया गोट्यावर आणि अर्धा मुरमावर असेल तर भूकंपाची वाटही पाहायला नको. मुरमाकडची बाजू जास्त दबते आणि बरोबर सांध्यावर भिंत तडकते. गोटा काढून टाका, नाहीतर सगळा पाया एकाच थरावर न्या.

तीन फूट काळी माती पायाखाली अजिबात ठेवू नका. ती किती फुगते ते घरी बघता येतं. वाळवलेली माती बारीक चाळणीने (४२५ मायक्रॉन) चाळून १०-१० ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलिच्या दोन मोजनळ्या घ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. माती टाकून ढवळा, बुडबुडे जाऊ द्या, २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली १६ मिलि आणि रॉकेलातली १० भरली, तर फुगवटा ६० टक्के. ५० च्या पुढे असेल तर साधा उथळ पाया नको.

पांझराकाठ

कड धुतली. दक्षिणेकडे आत वळते, साली आहेत. तिन्ही भोकांत साडेचार ते पाच फुटांवर पिवळी भुकटी आली. पण एका भोकात त्याखाली विटकरी लाल, लोण्यासारखी माती लागली. हे काय?

मुरूम_मोजणी

म्हणजे गोटाच. ब्रेकरने फोडून क्रेनने काढा. लाल माती म्हणजे दोन लाव्हाथरांमधला तांबडा थर. तो सहसा पाणी देत नाही, पण त्याच्या डोक्यावर पाणी साचतं, म्हणून खोदताना झरा बहुधा त्या सांध्यावरच फुटेल. ओला झाला की तो फुगून ढासळतो. तेवढ्या भागाला कडं बांधल्याशिवाय माणूस खाली उतरवू नका. बांधकामात पाझरायला छिद्रं मात्र ठेवा, लाल थराच्या वर.