जुन्या डेस्कटॉपवरच्या ईमेल नव्या लॅपटॉपवर न्यायच्या आहेत : फॉरवर्डिंग आधी की बॅकअप आधी?

नमस्कार मंडळी,

बाबांचा जुना डेस्कटॉप बदलायचा आहे, नवा लॅपटॉप आला आहे. फोटो आणि फाइल्स हलवणं सोपं आहे. अडलंय ते ईमेलपाशी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांचा मुख्य पत्ता त्यांच्या इंटरनेट कंपनीने दिलेला आहे आणि ती कंपनी आता ईमेल सेवा बंद करणार आहे. डेस्कटॉपवर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम आहे, खातं पीओपीने (सर्व्हरवरची मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची पद्धत) जोडलेलं. 'मेल सर्व्हरवर ठेवा' हा पर्याय बंद आहे, त्यामुळे मेल उतरली की सर्व्हरवरून जाते. ब्राउझरमधून लॉगिन केलं तर इनबॉक्स जवळजवळ रिकामा दिसतो. म्हणजे इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार त्या एकाच हार्डडिस्कवर आहे. पाठवलेल्या मेलही तिथेच आहेत, कारण पीओपी फक्त इनबॉक्स उतरवून घेतं, 'सेंट' फोल्डर कॉम्प्युटरवरच बनतं. काका परदेशी असताना दोघा भावांनी एकमेकांना लिहिलेल्या लांबलचक मेल त्यात आहेत. काका आता नाहीत. त्यामुळे यातली एकही मेल हरवलेली मला चालणार नाही.

बाबांसाठी जीमेलवर नवीन खातं उघडलं आहे आणि ते लॅपटॉपवर आयमॅपने (यात मेल सर्व्हरवरच राहते आणि सगळ्या मशीनवर सारखी दिसते) जोडलं आहे. काही दिवस ते दोन्ही मशीन वापरतील, कारण लॅपटॉपची सवय व्हायला वेळ लागेल.

आतापर्यंत वाचून जे समजलं ते असं. फॉरवर्डिंग लावलं तर फक्त त्यानंतर येणाऱ्या मेल नव्या पत्त्यावर जातात, जुन्यांना त्याचा काही उपयोग नाही. एकाने सुचवलं की सगळ्या जुन्या मेल सिलेक्ट करून नव्या पत्त्यावर फॉरवर्ड करा. तसं केलं तर प्रत्येक मेलवर पाठवणारे म्हणून बाबा दिसतील आणि तारीख आजची पडेल. काकांची मेल काकांच्या नावाने, त्यांच्याच तारखेला राहायला हवी, म्हणून तो मार्ग मी सोडला.

दुसरा मार्ग म्हणजे थंडरबर्डमध्येच जीमेलचं खातं जोडायचं आणि जुने फोल्डर त्यात कॉपी करायचे. यात तारीख आणि नाव शाबूत राहतं. पण जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंनाही मिळून आहे, आणि बाबांच्या मेलमध्ये स्कॅन केलेली कागदपत्रं भरपूर आहेत.

तिसरा मार्ग, थंडरबर्ड ज्यात मेल आणि सेटिंग्ज साठवतं ते अख्खं प्रोफाइल फोल्डर उचलून लॅपटॉपवर ठेवायचं. मला हाच बरा वाटतो.

माझे प्रश्न :

या सगळ्याचा क्रम काय ठेवावा? फॉरवर्ड केलेल्या मेल स्पॅममध्ये जातात असं ऐकलं, ते का होतं? आणि पुढे थंडरबर्ड वापरायचंच नाही असं ठरलं तर या मेल उघडता येतील अशा कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. डेस्कटॉपवरचं थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि प्रोफाइल फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये त्या फोल्डरचा पत्ता सापडतो. प्रोग्रॅम चालू असताना कॉपी केली तर अर्धवट फाइल येऊ शकते. 'कॉम्पॅक्ट' (डिलीट केलेल्या मेल फाइलमधून कायमच्या काढून जागा मोकळी करणं) हेही कॉपी झाल्यावरच करा, त्याआधी नाही.

मग लगेच जुन्या मशीनवर 'मेल सर्व्हरवर ठेवा' चालू करा. त्याच्याखाली ठरावीक दिवसांनी काढून टाकण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. नाहीतर दोन मशीन वापरताना काही मेल इथे आणि काही तिथे असा घोळ होतो.

लॅपटॉपवरचं थंडरबर्ड जुन्याइतकंच किंवा त्याहून नवीन हवं. नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला ते नकार देतं. प्रोफाइलसोबत पत्ते आणि साठवलेले पासवर्डही येतात, तेव्हा ती डिस्क जपून ठेवा. कॉपी झाली की प्रत्येक फोल्डरमधली मेलसंख्या दोन्हीकडे ताडून पाहा. सर्वात जुन्या काही मेल आणि त्यांच्या अटॅचमेंट उघडून बघा. देवनागरी मजकूर नीट दिसतो ना, तेही बघा.

स्पॅमचं कारण एसपीएफ. मेल ज्या सर्व्हरकडून आली त्याला त्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ पुढच्या नावाच्या) वतीने पाठवायची परवानगी आहे का, हे घेणारा सर्व्हर तपासतो. फॉरवर्ड झालेली मेल तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडून येते, म्हणून ती तपासणी फसू शकते. मूळ मेलवर डीकेआयएमची (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल) सही असेल आणि वाटेत मजकूर बदलला नसेल तर ती सही टिकते आणि बरेचदा निभावतं. तरी सुरुवातीला स्पॅम फोल्डर रोज बघा, आणि फॉरवर्ड करताना मूळ खात्यातही प्रत ठेवा.

पण फॉरवर्डिंगवर विसंबू नका. सेवा बंद झाली की तेही बंद. बँक, विमा, सरकारी पोर्टल, जिथे जिथे जुना पत्ता दिला आहे तिथे आत्ताच बदला. पासवर्ड रीसेटची लिंक बंद पत्त्यावर गेली तर फार त्रास होतो.

स्वरूपाबद्दल : थंडरबर्डमध्ये सहसा एका फोल्डरची एक एमबॉक्स फाइल असते. ती साध्या मजकुराची असल्याने इतर बरेच प्रोग्रॅम वाचतात, पण फाइल बिघडली तर अख्खा फोल्डर धोक्यात येतो. काकांच्या मेल वेगळ्या ईएमएल फाइल्स म्हणूनही सेव्ह करून ठेवा. त्यात एक मेल म्हणजे एक फाइल, अटॅचमेंटसकट.

धागाकर्ता

मनापासून आभार. 'कॉम्पॅक्ट'चं मला अजिबात माहीत नव्हतं. आज रात्री प्रोफाइलची कॉपी करतो, आणि संख्या जुळल्याशिवाय डेस्कटॉपला हात लावत नाही.

एकच राहिलं. काकांच्या मेल शोधून वेगळ्या काढताना पाठवणाऱ्याचा पत्ता टाकून शोधलं तर 'सेंट'मधली बाबांची उत्तरं सुटतील. दोन्ही बाजू एकत्र, तारखेच्या क्रमाने ईएमएल करून ठेवण्याची काही सोय आहे का?