एमटीबीला शहरातल्या रस्त्यांसाठी टायर हवे आहेत, मदत करा

पातलीपाडेकर:
नमस्कार. माझ्या एमटीबीला (माउंटन बाइकला) बटण टायर, म्हणजे उंच रबरी गोट्यांची नक्षी असलेले टायर, आहेत आणि मी ती फक्त डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यांवर चालवतो. पातलीपाड्याहून माजिवडा, कळवा, विटावा असे करत ऐरोलीला कामावर जाताना टायरची घरघर अखंड चालू असते, कितीही पायडल मारले तरी सायकल मागे ओढल्यासारखी वाटते आणि मागच्या टायरची मधली बटणे झिजून सपाट झाली आहेत. पाऊस तोंडावर आला आहे, त्यामुळे याच आठवड्यात टायर बदलायचे आहेत. जवळच्या दुकानदाराने ‘२६ चा’ म्हणून दिलेला टायर रिमवर चढलाच नाही, आणि आता तो परतही घेत नाही. कृपया नेमका कोणता टायर घ्यावा ते सांगा.

उपवनकर:
नेमके सांगण्यासाठी नेमके माप लागेल. सध्याच्या टायरच्या बाजूवर दोन आकडे आडव्या रेघेने जोडून छापलेले असतात, ते लिहा. त्यांतला दुसरा, तीन आकडी, म्हणजे टायरचा आतला व्यास मिमीमध्ये, महत्त्वाचा, कारण ‘२६’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या व्यासांचे टायर विकले जातात. एमटीबीचा ५५९ मिमी असतो, तर साध्या लेडीज सायकलचा, ज्यावर २६ × १ ३/८ असे अपूर्णांकात लिहिलेले असते, तो ५९०. आपल्याला बहुधा तोच दिला गेला असावा. शिवाय आपले वजन, सायकलवरचे सामान आणि रिमची आतली रुंदी हेही कळवा.

पामबीच_पहाटे:
सरळ दीड इंची गुळगुळीत टायर घ्या आणि हवा कडक भरा. वाशी ते बेलापूर पाम बीच रस्त्यावर मी तेच वापरतो आणि सायकल फार हलकी पळते.

येऊरचा_वाटसरू:
पाम बीचचा रस्ता आणि पातलीपाड्याचा घोडबंदर रोड यांची तुलना होऊ शकत नाही. मेट्रोच्या कामामुळे इथे जागोजागी उंचसखल पट्टे आहेत, काँक्रीटच्या दोन लाद्यांमध्ये लांबच लांब फट आहे, आणि दीड इंची टायर तिच्यात सापडला की हँडल हातात राहत नाही. माझे मत आहे तेच बटण टायर ठेवावेत. पावसात पकड त्यांचीच.

उपवनकर:
फटीबद्दल सहमत, पकडीबद्दल मात्र नाही. बटणे मातीत रुततात म्हणून तिथे धरून ठेवतात. काँक्रीटमध्ये ती रुतत नाहीत, उलट रबराचा थोडाच भाग रस्त्याला टेकतो आणि वळणावर बटणे वाकतात. मोटारीचा रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगू शकतो, पण सायकलचा टायर अरुंद व गोलाकार असतो, त्यामुळे ताशी २०-२५ किमीला तो पाणी सहज बाजूला सारतो. ओल्या लोखंडी प्लेटवर, गटाराच्या झाकणावर किंवा शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर कोणतीच नक्षी वाचवत नाही. तिथे ब्रेक न लावता सरळ जावे.

खारघरवासी:
एवढा खर्च टायरवर करण्याऐवजी हायब्रिड (शहरी रस्त्यांसाठीची) सायकल घ्यावी असे मी सुचवेन. तसेच सीटची उंची तपासा, गुडघेदुखीचे मूळ बहुतेकदा तिथेच असते.

पातलीपाडेकर:
गुडघे ठीक आहेत आणि नवी सायकल घ्यायची नाही. टायरवर ५४-५५९ आणि २६ × २.१० असे छापले आहे. रिमवर ५५९ × १९ आहे. वजन ७४ किलो, मागे कॅरिअरवर लॅपटॉप आणि डबा. आता तरी कृपया टायर सांगाल का?

ऐरोली_फेरी:
ट्यूबलेस करून टाका, आत भरलेल्या, छिद्र बुजवणाऱ्या द्रव रबरामुळे पंक्चरची चिंता बरीच कमी होते.

उपवनकर:
त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही त्या पद्धतीचे लागतात, आणि वाटेत टायर चिरला तर प्रत्येक पंक्चरवाल्याला ते जमेलच असे नाही. रोज वेळेवर कामावर पोहोचायचे असेल तर ट्यूबच सोयीची.

पातलीपाडेकर, १९ मिमीच्या रिमवर ४७-५५९, म्हणजे २६ × १.७५, निर्धास्त बसतो. मधोमध अखंड पट्टी, कडेला उथळ नक्षी आणि आत पंक्चररोधक थर असलेला टायर निवडा. श्वाल्बेचा मॅरेथॉन या मापात येतो. तो जड आहे, पण काच आणि खिळे यांना तोंड देतो, आणि आपल्या वाटेवर मी वजनापेक्षा त्यालाच महत्त्व देईन. तो महाग वाटला तर याच मापाचा, याच घडणीचा दुसरा कोणताही चालेल. हवा टायरवर छापलेल्या मर्यादेतच भरा. आपल्या वजनाला पुढे ४५ आणि सामानामुळे मागे ५० पीएसआयपासून (हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात करून पाहा. फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात, फार कडक केली तर फुटक्या रस्त्यावर सायकल उसळते आणि पकड सुटते.

येऊरचा_वाटसरू:
रुंदी १.७५ ठेवणार असाल तर माझा विरोध नाही. मात्र विटाव्याच्या सबवेत पाणी साचले असेल तेव्हा टायर कोणताही असला तरी उतरून चालत जावे, कारण खालचा खड्डा दिसत नाही.

पातलीपाडेकर:
मनापासून धन्यवाद. ४७-५५९ मागवतो. जुन्या ट्यूब चालतील का?

उपवनकर:
ट्यूबवर १.७५ ते २.१२५ असे लिहिले असेल तर चालतील. टायर चढवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवा आणि पूर्ण हवा भरण्याआधी टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते चाक फिरवून पाहा.