कॉलेजमध्ये कॅथलिक सप्ताह करायचाय, कुणी आधी केला असेल तर प्लीज मदत करा

नमस्कार सगळ्यांना. मी वसईची, एसवाय बीएस्सीला आहे, रोज विरार लोकलने कॉलेजला जाते. कॉलेज मिशनऱ्यांचं वगैरे नाही, साधं अनुदानित आहे. आम्ही चौदा कॅथलिक मुलंमुली मिळून सोमवार २ ते शनिवार ७ फेब्रुवारी २०२६ असा एक सप्ताह करायचं म्हणतोय. प्रिन्सिपल मॅडम तोंडी हो म्हणाल्यात, मधल्या सुट्टीत फॉयरमध्ये एक टेबल आणि गुरुवारी तासभर सेमिनार हॉल, पण कुणाची तक्रार आली तर लगेच बंद असंही सांगितलंय, आणि त्यांच्या जागी त्यांचंही बरोबर आहे.

कुणाला कन्व्हर्ट करायचा विषयच नाहीये हे आधीच सांगते. तीन वर्षं एका बाकावर बसतो तरी एकमेकांच्या घरातलं, देवाचं काहीच माहीत नसतं, ते जरा बदलावं एवढंच. मला अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, "तू ख्रिश्चन ना, मग मराठी इतकं छान कसं बोलतेस?" अहो घरी कादोडी (आमची वसईकडची बोली), आजी लाल लुगड्यातली, मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, पापनिवेदनसुद्धा मराठीत, मी दुसऱ्या कशात बोलणार सांगा.

गेल्या वर्षी कँटीनबाहेर टेबल लावलं होतं. इंग्लिश पत्रकं ठेवली, चार्ट लावला आणि आम्ही सगळे टेबलामागे ओळीने उभे. एक मुलगा येऊन मोठ्याने म्हणाला, "धर्म बदलायला आलात का?" आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही, दहा मिनिटांत चार्टची गुंडाळी करून आम्ही निघालो. मला ते अजून लागून राहिलंय, कारण त्याला शांतपणे उत्तर देता आलं असतं.

आणि मग याच्या अगदी उलट झालं ते केमिस्ट्री लॅबमध्ये. पेन काढताना माझ्या पाऊचमधून रोजरी, म्हणजे आमची जपमाळ, बाहेर आली, शेजारच्या मुलीने ती हातात घेतली आणि म्हणाली माझ्या आजीची तुळशीची माळ आहे, एकशे आठ मण्यांची, तुझ्यात किती? मी म्हटलं मोज. तिने एकेक मणी बोटाने सरकवत मोजले, एकोणसाठ भरले, मग मोठा मणी आला की काय म्हणायचं, लहान आला की काय, सगळं विचारलं. टायट्रेशन राहिलं बाजूला. म्हणजे लोकांना विचारायचं असतं हो, फक्त विचारलं तर समोरच्याला राग येईल का याची भीती असते, आणि आम्हाला आमची वेगळी भीती. ही भीती जाईल असं काय करता येईल तेच मला विचारायचंय.

सध्याचा प्लॅन असा आहे. सोमवारी संतांची पोस्टर्स, त्यात कार्लो अकुतिस आणि फ्रासाती नक्की, कारण दोघे ७ सप्टेंबर २०२५ला एकाच दिवशी संत झाले, एक पंधराव्या वर्षी गेला, कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवणारा, दुसरा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि डोंगर चढणारा, मुलांना जवळचे वाटतील. गुरुवारी ५ तारीख म्हणजे आपल्या गोन्सालो गार्सियांचा हुतात्मा दिन, १५९७ साली नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर मारलं त्यातले ते एक, जन्म वसईचा, पण कॉलेजातल्या निम्म्या वसईकरांनासुद्धा हे माहीत नाही. त्या दिवशी हॉलमध्ये फादरांशी प्रश्नोत्तरं. शुक्रवारी महिन्याचा पहिला शुक्रवार येतोय, आमच्यात तो खास भक्तीचा दिवस, तर संध्याकाळी जवळच्या चर्चमध्ये आराधना आणि पापनिवेदन, ते कॅम्पसवर नकोच असं आमचं ठरलंय. मंगळवार, बुधवार, शनिवार रिकामे आहेत. आजी म्हणते फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंदेल (मांसाचा आंबट-तिखट रस्सा) करून देते, ते फुकट वाटू का? आणि प्रश्नोत्तरांत कुणी मुद्दाम डिवचलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर काय करायचं? वर्गणी सहा हजार जमलीय, तेवढ्यात बसवायचंय.

उत्तर:

बाळा, आम्ही कॉलेजात असताना हे दोनदा केलंय म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे तोंडी परवानगीवर राहू नकोस. दिवस, वेळ, जागा, कोण बोलणार, सगळं अर्जात लिही, सोबत एका प्राध्यापकांचं नाव घाल आणि सहीशिक्क्याची कॉपी टेबलावर ठेव. राज्यघटनेचं कलम २८(३) बघ, अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती कुणावर करता येत नाही. म्हणून पोस्टरवरच "येणं ऐच्छिक" असं मोठ्या अक्षरात लिहा, हजेरी घेऊ नका.

फुकट खाणं अजिबात नको. आजीचा हात कितीही चांगला असला तरी खायला घालून बोलावलं असं म्हणायला जागा राहते. शनिवारी सगळ्यांनी आपापले डबे आणून एकत्र बसा, त्यात आजीचे फुगे असू देत.

सहा दिवस जास्त होतात, चार ठेवा. बुधवारी सेवेचं काहीतरी घ्या, रक्तदान किंवा झोपडपट्टीतल्या मुलांचा अभ्यास, एनएसएसला सोबत घेऊन. १८३३ला पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला वादसभेत विचारलं होतं, तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं? तो मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी लाकडं पोचवायला गेला, त्यातून विन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली, तुमच्या पॅरिशमध्येही, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्येही, असेल बघ. "धर्म बदलायला आलात का" विचारणाऱ्या त्या मुलालाही बुधवारी बोलाव.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव नको. खोका सोमवारपासून ठेवा म्हणजे फादरांना आधी वाचता येतील. रेकॉर्ड केलं तर करू दे, लपवण्यासारखं काही बोलायचंच नाहीये. आयकफच्या (कॅथलिक विद्यार्थ्यांची अखिल भारतीय संघटना) मुलांशीही बोल, १९२४पासून कॉलेजांमध्येच काम करतात ते.

धागाकर्ती:

खूप खूप थँक्यू अंकल! मंगळवार आणि शुक्रवारचं टेबल काढलं, शुक्रवारी फक्त संध्याकाळचं चर्च. अर्ज आज टाइप केला, उद्या मॅडमना देते. बुटांच्या खोक्याला कागद लावून फट पाडलीय, लॅबमधल्या मैत्रिणीला दाखवला तर तिने तिथेच पहिली चिठ्ठी टाकली, मी उघडलेली नाही. आता फक्त एकच विचारायचंय, वसई ते अंधेरी पट्ट्यात कुठल्या रक्तपेढीने कॉलेजमध्ये कॅम्प घेतलाय आणि किती दिवस आधी सांगावं लागतं?