पेंचमधला हा गरुड कोणता?

धंतोलीकर: खुर्सापार गेटनं आत गेलो. नाल्याकाठच्या अर्जुनावर गरुड बसून होता. मोरघार का सर्पगरुड?

रानभुल्या: पाय पाहा ना भाऊ! मोरघारीचे बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, सर्पगरुडाचे उघडे, पिवळे, खवल्यांचे. सापाशीच गाठ असल्यावर असं चिलखत पाहिजेच. पोटावर पांढरे ठिपके, शेपटीत रुंद पांढरा पट्टा. ऊन तापलं की शिट्ट्या मारत उंच घिरट्या, एरवी फांदीवर ढिम्म. साप, सरडे, बेडूक खातो. अंडं बहुधा एकच. घरटं पाण्याजवळच्या उंच झाडावर. तुमचा नाला म्हणूनच मला पटला.

धंतोलीकर: पाय उघडेच होते, पिवळेधम्मक.

रानभुल्या: मग सर्पगरुडच. जिप्सीवाल्याला थांबवलं का? वाघाच्या नादात कोणी थांबत नाही बावा.