'व्हिलन'ला मराठीत एकच शब्द पुरेल का?

"मावशे, व्हिलनाक मराठींत कितें म्हण्टात गो?" भाचीनं फोनवर विचारलं. कॉलेजच्या हस्तलिखितासाठी ती 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळकथांच्या मालिका-चित्रपटांवर मराठीत लेख लिहीत होती. मी हातातल्या वह्या तपासता तपासता "खलनायक" म्हटलं आणि फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. "मावशे, बोर्गांना खलनायक कसं म्हणू? ते एक नाहीत, असंख्य आहेत. त्यांना राग येत नाही, लोभ नाही, सूडसुद्धा नको असतो."

बोर्ग ही त्या मालिकांतली एक शत्रुजमात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेल्या दोन पावसाळ्यांत तिच्या शेजारी बसून मी या मालिका पाहिल्या आहेत, तरी हा प्रश्न मला पडला नव्हता. शनिवारी फोंड्याला वाचनालयात तो मंडळींपुढे ठेवला. त्यावर बराच खल झाला (हा खलबत्त्यातला खल, दुष्ट तो वेगळा). त्यातलं जे पटलं आणि जे मुळीच पटलं नाही, ते दोन्ही इथे मांडते.

'खलनायक' या शब्दात 'नायक' आहे. म्हणजे एक माणूस हवा, त्याला इच्छा हवी, आणि त्याच्यासमोर उभा राहणारा दुसरा नायक हवा. वाचनालयातले एक निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणाले, याला जुना शब्द 'प्रतिनायक'. दहाव्या शतकात धनंजयानं 'दशरूपका'त त्याची लक्षणं दिली आहेत: लुब्ध, धीरोद्धत, स्तब्ध, पाप करणारा, व्यसनी. यातला 'स्तब्ध' आपला गप्प उभा राहणारा स्तब्ध नव्हे. तो ताठर, हेका न सोडणारा. 'व्यसनी'ही दारूपुरता नाही, एकाच गोष्टीनं पछाडलेला.

ही यादी ऐकताच मला खान आठवला. खान नूनियन सिंग १९६७ साली पहिल्या मालिकेतल्या एका भागात आला, आणि पंधरा वर्षांनी, १९८२च्या चित्रपटात, तोच नट रिकार्डो मोंतालबान त्याला घेऊन परतला. चित्रपटात खानच्या हाती जहाज आहे, वाट मोकळी आहे. त्याचाच माणूस त्याला सांगतो की आपण सुटलो, आता कर्कचा (नायकाच्या जहाजाचा कप्तान, खानचा जुना वैरी) नाद सोडा. तो सोडत नाही. स्तब्ध आणि व्यसनी हे दोन्ही शब्द त्या एका प्रसंगात सापडतात. शिवाय त्या चित्रपटात कर्क आणि खान समोरासमोर कधीच येत नाहीत, जे काही बोलतात ते पडद्यावरून, आणि तरीही एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ राहत नाही. 'प्रति' हा उपसर्ग तिथे पुरेपूर वसूल होतो. खानसाठी 'प्रतिनायक' यावर आमचं सगळ्यांचं एकमत झालं.

आता बोर्ग. ते पहिल्यांदा दिसले १९८९ साली. अर्धं शरीर, अर्धं यंत्र, एकच सामाईक मन. समोर येतील त्या संस्कृती ते गिळत जातात आणि त्याबद्दल त्यांना ना आनंद ना खेद. मी म्हटलं, हा नायकही नाही आणि खलही नाही, हे 'अरिष्ट' आहे. दुष्काळ, साथ, पूर यांच्या रांगेत बसणारं. (औषधाच्या दुकानातल्या दशमूलारिष्टाशी संबंध लावू नये.) अरिष्टाशी भांडता येत नाही, त्याची समजूत घालता येत नाही. त्यातून निभावून जायचं असतं, नाहीतर त्यात संपून जायचं असतं. १९९० साली पुढच्या मालिकेतल्या जहाजाच्या कप्तानाला, पिकार्डलाच, बोर्गांनी आपल्यात ओढून घेतलं तेव्हा जी धडकी भरते ती याचीच.

भाचीची दुसरी अडचण याहून छान होती. बोर्ग बोलताना 'मी' म्हणतच नाहीत. इंग्रजीत त्यांचं जे सर्वनाम आहे त्याला मराठीत दोन वाटा फुटतात: 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हणताना समोरचा माणूस बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. आता बोर्गांची धमकी ऐका. ती 'आम्ही'नं सुरू होते आणि 'आपण'वर संपते. आम्ही आलो आहोत, लवकरच आपण होऊ. घरात पंगतीला "बस गो, आपण जेवू" म्हणताना वापरतो तो मायेचा शब्द इतका भीतिदायक होऊ शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इंग्रजी मालिकेला जे सांगायला संथ, थंड आवाज लागला, ते मराठीत एका सर्वनामाच्या बदलात येतं.

मग त्यांच्या त्या गिळण्याला काय म्हणावं? एकानं 'आत्मसात करणे' सुचवलं, पण विद्या आत्मसात करतात, माणसं नव्हे. 'सामावून घेणे' मला सर्वांत योग्य वाटतं, कारण ते लग्न होऊन आलेल्या सुनेबद्दल म्हणतात. बोर्गांच्या दृष्टीनं ते उपकारच करत असतात, आणि शब्दानं त्यांची बाजू धरली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

१९९२ साली एक भाग आला. त्यात जखमी अवस्थेत सापडलेला एकटा बोर्ग हळूहळू 'मी' म्हणायला शिकतो. इंग्रजीत 'तू'चा जो उच्चार, त्यावरूनच त्याला ह्यू हे नाव मिळतं. त्याच्यामार्फत साऱ्या बोर्गांना संपवण्याची योजना तयार असते आणि पिकार्ड ती मागे घेतो. अरिष्टातून एक माणूस वेगळा निघाला, आता त्याच्याशी माणसासारखंच वागावं लागणार. हा त्या लेखकांचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय.

आणि पुढचा निर्णय मला खुपतो. १९९६च्या चित्रपटात त्यांनी बोर्गांना राणी दिली. बोलणारी, भुलवणारी, चिडणारी. अॅलिस क्रिगेनं ती उत्तम केली यात वाद नाही. पण वाचनालयात एकीनं जे सांगितलं ते मी विसरणार नाही: "आमच्या पुराणांनी नेमकं हेच केलं. अरिष्टाला शिंगं लावली, बैल केला, अरिष्टासुर नाव ठेवलं, म्हणजे कृष्णाला त्याचा वध करता येईल." बरोबर आहे. वध करायला देह लागतो. दोन तासांच्या चित्रपटाला शेवट लागतो, शेवटाला वध लागतो, म्हणून अरिष्टाचा असुर होतो. त्या बाईंना यात काही गैर वाटत नाही, ही कथेची गरजच आहे असं त्या म्हणतात. मला मात्र राणी आल्यापासून बोर्गांची भीती वाटेनाशी झाली. जिच्याशी बोलता येतं तिच्याशी सौदाही करता येतो.

क्लिंगन या लढवय्या परग्रही जमातीवर फार वेळ घालवत नाही. ते १९६७ साली 'वैरी' म्हणून आले, आणि १९८७ साली त्यांचाच एक, वॉर्फ, आपल्या जहाजावर अधिकारी होऊन बसला. वैऱ्याचा सोयरा होतो, मराठीला हे नवं नाही. क्यू हा सर्वशक्तिमान, खोडकर परग्रहवासी तर आपला कळलाव्या नारदच.

खरा वाद झाला डुकाटवरून.

'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) या मालिकेत बजोर नावाचा एक ग्रह आहे. त्यावर कार्डॅशियनांनी सुमारे पन्नास वर्षं सत्ता गाजवली आणि मग ते निघून गेले. मालिका तिथून सुरू होते. डुकाट हा त्या सत्तेचा शेवटचा मुख्य प्रशासक. मार्क अलायमो या नटानं तो इतका मृदू, सुसंस्कृत, हसरा केला आहे की दोन-तीन सीझन आपण त्याच्यात काहीतरी चांगलं शोधत राहतो.

इथे आधी दुसऱ्याच शब्दावर आम्ही अडलो. त्या पन्नास वर्षांना काय म्हणायचं? 'राजवट', 'अंमल', 'ताबा', 'जुलूम'? गोव्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १५१० ते १९६१ या काळाला आमच्या घरात आजी 'पाखल्यांचें राज' म्हणायची, शाळेच्या पुस्तकात 'पोर्तुगीज राजवट' असायचं, आणि शेजारचे स्वातंत्र्यसैनिक आजोबा 'गुलामगिरी'खेरीज दुसरा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. तिघंही एकाच काळाबद्दल बोलत होते. डुकाट 'राजवट' म्हणेल, त्या सत्तेविरुद्ध लढलेली बजोरची किरा नेरिस 'गुलामगिरी' म्हणेल. मराठी अनुवादानं दोघांच्या तोंडी एकच शब्द घातला तर पात्रंच मरतील.

एका भागात (१९९७) डुकाट खंत व्यक्त करतो की मी बजोरच्या लोकांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, पण तिथे माझा एक पुतळा नाही. भाची ते पाहून हसली नाही. तिनं मला विचारलं, "आल्बुकेर्कचो पुतळो आमी पळयलो न्ही?" हो, जुन्या गोव्याच्या संग्रहालयात. सहावीत असताना मीच तिला नेलं होतं. आत शिरताच तो उंच काळसर ब्रॉन्झचा पुतळा. तिनं मान वर करून विचारलं होतं की हा चांगला होता की वाईट. मी म्हटलं होतं, त्यानं गोवा जिंकला. आता वाटतं, तेव्हा मी उत्तर चुकवलं.

तर डुकाट कोण? प्रतिनायक म्हणावं तर तो स्वतःला नायकच समजतो. भाची कोकणीत म्हणाली ते सर्वांत नेमकं होतं: "आपूण वायट म्हूण ताका दिसनाच." याला माझा शब्द 'खळ'. ज्ञानेश्वरांनी १२९० साली पसायदानात मागितलं, 'जे खळांची व्यंकटी सांडो'. इतक्या वेळा म्हटलेली ओळ, पण तिचं व्याकरण पाहा. खळ मरो असं मागणं नाही. षष्ठी आहे: खळांची व्यंकटी. माणूस वेगळा, त्याचा वाकडेपणा वेगळा, आणि तो वाकडेपणा 'सांडता' येतो, भांड्यातलं पाणी सांडावं तसा. डुकाटच्या बाबतीत मालिका वर्षानुवर्षं हाच प्रश्न धरून बसली होती: याची व्यंकटी सांडेल का?

पण प्रेक्षक त्याच्यावर जास्तच भाळू लागले. निर्माते इरा स्टीव्हन बेहर यांना ते पसंत नव्हतं, आणि १९९८ सालच्या एका भागात डुकाटकडून वदवून घेतलं गेलं की बजोरच्या सगळ्यांना मारायला हवं होतं. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. जुलमी माणसाचं हसू किती खरं, हे एकदा सांगायलाच हवं. किराचं आणि त्याचं सूत जुळवावं असाही विचार लेखकांकडे आला होता. किराची भूमिका करणाऱ्या नाना व्हिजिटर यांनी त्याला ठाम विरोध केला. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानते.

चूक झाली ती त्याच सीझनच्या अखेरीस. डुकाटच्या अंगात एक दुष्ट शक्ती शिरते. शेवटच्या भागापर्यंत तो लाल डोळे करून आगीपुढे गर्जत असतो. आमच्याकडे याला 'भार येणं' किंवा 'अवसर येणं' म्हणतात, आणि अवसरात माणूस जे बोलतो त्याचा हिशेब नंतर त्याच्याकडे कोणी मागत नाही. पन्नास वर्षांच्या जुलमाचा हिशेब ज्याच्याकडून घ्यायचा, त्यालाच लेखकांनी अवसर आणला! याला मी 'राक्षसपार्ट' म्हणते.

हा शब्द मी हलका म्हणून वापरत नाही. माझे मामा जत्रेतल्या नाटकांत राक्षसपार्ट करायचे. देवळामागच्या खोलीत तोंडाला लाल रंग, भुवया काजळानं कपाळापर्यंत ओढलेल्या, आणि मिशी सुटू नये म्हणून ते बशीतला चहा ओठ पुढे काढून थेंबथेंब ओढायचे. रंगमंचावर जाण्याआधी पायरीला हात लावून कपाळाला न्यायचे. मग गर्जना, आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत. दशावतारी कलेत राक्षस असाच हवा, सगळं बाहेर, काही आत लपवलेलं नको. मामांनी खळ कधी केला नाही, कारण त्या नाटकाला तो लागतच नव्हता. सात वर्षं हळूहळू खळ उभा करून शेवटी त्याला राक्षसपार्ट देणं, हे मामांनाही पटलं नसतं.

वाचनालयातल्या दोघांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते बजोरची कथा पहिल्यापासून देवांची होती, तिला राक्षस यायचाच होता. असेल. पण मग डुकाटला का निवडलं, या माझ्या प्रश्नाला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

एक शब्द मात्र अडलाच आहे, त्यासाठी हे सगळं लिहायला बसले. बजोरची धर्मप्रमुख विन ('काय' ही तिच्या पदाची पदवी). लुईझ फ्लेचरनं केलेली. किराला ती "बाळ" अशा अर्थानं हाक मारते आणि त्या हाकेनं आपल्या पोटात कालवतं. भाचीनं तिच्यासाठी 'मानभावी' लिहिलं होतं. शब्द बसतो, पण तो 'महानुभाव'वरून आलेला आहे, एका पंथाची बदनामी पोटात घेऊन. धर्मगुरू असलेल्या पात्राला तो लावला की जुना अन्याय नव्यानं होतो, म्हणून मी तो खोडायला लावला. 'खलनायिका' म्हटलं की सासू-सुनांच्या मालिका डोळ्यांपुढे येतात. शिवाय शेवटच्या भागात, सगळं हातचं गेल्यावर, हीच बाई मालिकेच्या नायकाला, सिस्कोला, दुष्ट शक्तींच्या ग्रंथाकडे ओरडून लक्ष द्यायला लावते, आणि त्यातच जळून जाते. त्या एका क्षणी तिची व्यंकटी सांडलेली असते. सध्या हस्तलिखितात तिच्या नावापुढे पेन्सिलीनं 'साळसूद' लिहिलं आहे. शाई पुढच्या आठवड्यात फिरवायची आहे, तोवर याहून नेमका शब्द कोणाला सुचला तर कळवा.