मोफत दवाखाने आणि रुग्णालयाचे बिल

मोफत दवाखान्यांनी तपासून औषधे द्यावीत, विमा नसलेल्या रुग्णाची बाजू मांडणे हे त्यांचे काम नव्हे, हे काहींचे मत मला अपुरे वाटते. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावेच लागते. घरी सोडल्यानंतरचे पहिले बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत रुग्ण त्यासाठी अर्ज करू शकतो, आणि तो पात्र ठरल्यास तातडीच्या व आवश्यक उपचारांसाठी, विमाधारकांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आकारल्या जाणाऱ्या रकमेपेक्षा अधिक रक्कम त्याच्याकडून घेता येत नाही. अनेक रुग्णांना हे ठाऊकच नसते (बिलासोबतचा बारीक अक्षरांतला मजकूर आजारपणात कोण वाचणार?). त्यामुळे दवाखान्यातील स्वयंसेवकाने तो अर्ज भरून देणे आणि मिळकतीचे पुरावे जोडून मुदतीत पोहोचवणे, हे मला औषधाइतकेच उपचाराचे काम वाटते.