हसरं, अभ्यासू मूल ठीकच असतं का?

निरभ्र (धागाकर्ता):
चांगले गुण, घरात उलट उत्तर नाही, पाहुण्यांसमोर हसरा चेहरा. अशा मुलांची काळजी कुणालाच वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटात साधारण ७ पैकी एकाला मानसिक विकार असतो. ही सगळी मुलं काय रडत बसलेली दिसतात? या वयात नैराश्य कित्येकदा चिडचिड होऊन बाहेर येतं. किंवा शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं आणि तपासण्यांत काहीच सापडत नाही. पालकांनी हे हुडकून काढलंच पाहिजे.

मुक्तछंद:
साफ असहमत. दार लावून बसणं, आईबाबांशी कमी बोलणं हे मोठं होण्याचंच लक्षण. रात्री उशिरा झोप येणंही तसंच, वयात येताना झोपेचं चक्रच पुढे सरकतं. ऊठसूट आजार शोधलात तर मूल स्वतःला आजारी समजायला लागेल. आणि हुडकायचं म्हणजे काय करायचं? डायरी वाचायची? मोबाईल तपासायचा? विश्वास एकदा उडाला की खऱ्या अडचणीत ते तुमच्याकडे फिरकणारही नाही.

निरभ्र:
डायरी वाचा असं मी कुठे म्हटलं? दार लावणं वेगळं आणि जीव की प्राण असलेला खेळ सोडून देणं, मित्रांनाही टाळणं, दोन-दोन आठवडे तसंच राहणं वेगळं. भर उकाड्यात लांब बाह्या घालणं हे कधीकधी स्वतःच स्वतःला केलेल्या जखमा लपवण्यासाठी असतं. तुलना त्या मुलाची त्याच्याशीच करा, आधी कसं होतं आणि आता कसं आहे.

सावली:
मी शाळेत शिकवते. सगळ्यात जास्त निसटतात ती गुण टिकवून ठेवणारी मुलं. एक गुण गेला तरी त्यांचे हात थरथरतात, आणि आम्ही त्यांना 'जिद्दी' म्हणून मोकळे होतो. मुक्तछंद, पाळत नकोच, पण विचारायला काय हरकत आहे? "जगणं नको वाटतं का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, अभ्यासांतून हे पुढे आलेलं आहे. उलट कित्येकांना सुटल्यासारखं वाटतं.

मुक्तछंद:
विचारण्याला माझा विरोध नाही. पण उत्तर 'हो' आलं तर? बऱ्याच घरांत त्यावर "तुला काय कमी आहे?" असंच ऐकवलं जातं. त्या मुलाने पुन्हा तोंड का उघडावं? आधी पालकांना ऐकून घ्यायला शिकवा, मग लक्षणांच्या याद्या द्या.

सावली:
पालक शिकेपर्यंत मूल थांबणार नाही. 'हो' आलं तर वाद घालू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. एवढं तर आजच्या आज कुणालाही जमेल.